शुश्रूषागृहातील शौच आणि औषधदक्षता : अधिकारासोबत येणारे कर्तव्य

आयुर्वेद पदवीधरास आधुनिक औषधे वापरण्याचा अधिकार किती व कोठपर्यंत असावा, या विषयावर वैद्यवर्गात गेली अनेक वर्षे वाद-प्रतिवाद चालू आहेत. महाराष्ट्र शासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेपासून सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणातील निकालापर्यंतचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांस तोंडपाठ आहे. अधिकारांविषयी जागरूक असणे गैर नाही. परंतु या चर्चेत जेवढी शाई खर्ची पडली, तिचा दहावा हिस्साही त्या अधिकारासोबत ओघानेच येणाऱ्या कर्तव्यावर खर्ची पडलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. प्रस्तुत लेखात त्या कर्तव्याच्या दोन अंगांचा विचार करावयाचा आहे. शुश्रूषागृहातील जंतुसंसर्गाचे नियंत्रण हे एक अंग आणि औषध देतानाची सुरक्षितता हे दुसरे.

ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातील दहा-पंधरा खाटांची शुश्रूषागृहे आपण सर्वजण ओळखतो. दिवसा तेथे मानद तज्ज्ञ येऊन जातात. रात्री मात्र निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून जो उपस्थित असतो, तो पुष्कळ ठिकाणी बी.ए.एम.एस. वा बी.एच.एम.एस. पदवीधर असतो. तज्ज्ञ दूरध्वनीवर सूचना देतात. ती ऐकून कागदावर उतरवणे, कुपी निवडणे, मात्रा मोजणे, सलाईनमध्ये मिसळणे आणि शिरेत सोडणे हे सर्व या पदवीधराच्या किंवा त्याच्या देखरेखीखालील परिचारिकेच्या हातून होते. अशा स्थितीत ‘हा ॲलोपॅथीचा विषय आहे’ असे म्हणून आपणांस बाजूला होता येणार नाही. आपल्या हातून रोज घडणाऱ्या कर्माचाच हा विषय आहे.

ट्रॉम्बेचा वारसा आणि शेवटचे हातभर अंतर

या विषयाच्या दृष्टीने ट्रॉम्बेचे नाव देशाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदले गेले आहे, याची जाणीव येथील वैद्यांनाही क्वचितच असते. १९७४ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने भाभा अणुसंशोधन केंद्राने येथे ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू केला. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी मूलद्रव्यापासून निघणाऱ्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तूंचे व्यापारी प्रमाणावर निर्जंतुकीकरण करणारा हा देशातील पहिला प्रकल्प होय. सिरिंज, हातमोजे, टाक्यांचे धागे, कापूस, बँडेज या वस्तू आधी वेष्टनात बंद करावयाच्या आणि मग त्यांवर साधारणतः २५ किलोग्रे इतकी मात्रा सोडावयाची, अशी ही रीत आहे. उष्णतेची गरज नसल्याने प्लॅस्टिक वितळत नाही; किरणे वेष्टन भेदून आत जातात, त्यामुळे निर्जंतुक झालेली वस्तू वेष्टन फोडेपर्यंत निर्जंतुकच राहते; आणि वस्तूत किरणोत्सर्ग शिल्लक राहत नाही. एकदाच वापरून टाकून द्यावयाची सिरिंज आपल्या दवाखान्यांत रुळली, तिच्यामागे या तंत्राचा मोठा वाटा आहे.

अणुसंशोधन केंद्राच्या भिंतीला लागूनच दुसरे ट्रॉम्बे आहे. १९७६ मध्ये केंद्रालगतची जनता कॉलनी हलवून तेथील हजारो कुटुंबांना चिता कॅम्प येथे वसवण्यात आले. चिता कॅम्प, मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगर ही सर्व वस्ती महापालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडते आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत खालच्या स्थानी होता. येथील कष्टकऱ्यास आजारपणात जवळ वाटते ते कोपऱ्यावरचा दवाखाना आणि गल्लीतील शुश्रूषागृह. म्हणजे जेथे निर्जंतुकीकरणाचे देशातील अग्रगण्य केंद्र उभे राहिले, तेथून हाकेच्या अंतरावर त्या निर्जंतुकतेची खरी कसोटी रोज लागत असते.

कारखान्यात मिळवलेली ही निर्जंतुकता रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या शेवटच्या हातभर अंतरात कशी नाहीशी होते, याचे उदाहरण मुंबईच्याच इतिहासात सापडते. १८९६ च्या प्लेगात मुंबईस आलेल्या डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच कुपीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे तज्ज्ञांनी पुरावा तपासला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. कुपीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील कलंक दूर झाला; गेलेले १९ जीव मात्र परत आले नाहीत.

आजही आपल्या शुश्रूषागृहांत जे घडते, त्याचे स्वरूप यापेक्षा फार निराळे नाही. सिरिंज उत्तम प्रतीची असते, औषध नामांकित कंपनीचे असते. परंतु एकाच सुईने बहुमात्रा कुपीतून वारंवार औषध ओढले जाते, सलाईनच्या बाटलीला हवा जावी म्हणून सुई टोचून ठेवली जाते, आणि एका रुग्णाची सलाईन काढून त्याच हातांनी दुसऱ्याची लावली जाते. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये पसरलेल्या कावीळ-बी च्या साथीत अनेकांचे बळी गेले. वापरलेल्या सिरिंज व सुयांचा पुनर्वापर हे तिचे कारण म्हणून पुढे आले. त्या गावी सिरिंजचा दुष्काळ नव्हता.

चतुष्पादांतील शौच

या बाबतीत आपल्या शास्त्राचा आधार शोधण्यासाठी दूर जावयास नको. चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले व प्रत्येकाचे चार गुण मोजले. वैद्याचे गुण पाहावेत आणि मग उपस्थात्याचे पाहावेत. दोन गुण दोहोंत समान आहेत, ते म्हणजे दाक्ष्य आणि शौच. शास्त्रज्ञान वैद्याकडे अधिक, अनुराग उपस्थात्याकडून अपेक्षित. पण दक्षता व शुचिता यांत वैद्य आणि सेवक यांच्यात भेद केलेला नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हात धुण्याची अपेक्षा जशी मावशीकडून आहे तशीच ती शुश्रूषागृहाच्या मालक-वैद्याकडूनही आहे. राउंडच्या वेळी मालकच एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे हात न धुता जात असेल, तर भिंतीवर लावलेल्या सूचनाफलकाचा उपयोग शून्य होय.

सुश्रुताचार्यांनी कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद यांसारखे रोग स्पर्श, निःश्वास, सहभोजन, सहशय्या यांद्वारे एकाकडून दुसऱ्याकडे जातात असे निदानस्थानात सांगितले. व्रणितासाठी स्वतंत्र, स्वच्छ आगाराची योजना आणि रक्षोघ्न द्रव्यांचे धूपन सूत्रस्थानात वर्णिले. उपकल्पनीय अध्यायात तर संशोधन कर्मापूर्वी वास्तू, सेवक, उपकरणे, औषधे यांची तयारी कशी असावी, याची तपशीलवार यादी आहे. अर्थात या वचनांचा अभिमान बाळगून आधुनिक निर्जंतुकीकरणाची उपेक्षा करणे हा शास्त्राचा विपर्यास होईल. धूपनाने ऑटोक्लेव्हचे काम होत नाही. उकळत्या पाण्याने जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. १२१ अंश सेल्सिअस तापमान, चौरस इंचास १५ पौंड दाब आणि किमान १५ ते २० मिनिटे, हे वाफेच्या निर्जंतुकीकरणाचे गणित आहे. त्यात कसूर झाली तर आतील उपकरण केवळ गरम झालेले असते.

पंचकर्म कक्षही अपवाद नाही

केवळ आयुर्वेदीय चिकित्सा करणाऱ्या वैद्यांचा एक समज असतो की, जंतुसंसर्गाचा धोका सुई-सलाईनवाल्यांनाच असतो. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. बस्तिनेत्र एका रुग्णानंतर दुसऱ्यास वापरले जात असेल, तर त्यामधील शुद्धीची पद्धत कोणती? केवळ गरम पाण्याने धुणे पुरेसे नाही. रबरी नळी प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र असावी. शिरोधारेचे तैल एका रुग्णाच्या माथ्यावरून ओघळून पात्रात जमते. तेच दुसऱ्याच्या माथ्यावर जाता कामा नये. नस्याचा ड्रॉपर नाकपुडीस स्पर्श करीत असेल, तर कुपीतील संपूर्ण तैल दूषित झाले असे समजावे. नेत्रतर्पणाच्या घृताबाबत तर अधिकच सावधगिरी हवी, कारण दूषित घृताने नेत्र गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

जलौकावचरण हे आपले मोठे सामर्थ्य आहे. परंतु जळूच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू निसर्गतःच असतात व ते व्रणात संसर्ग करू शकतात. शिवाय एका रुग्णाचे रक्त प्यालेली जळू दुसऱ्यास लावणे म्हणजे वापरलेली सुई पुन्हा टोचणेच होय. म्हणून जळू एका रुग्णापुरतीच. पुन्हा त्याच रुग्णासाठी ठेवावयाची असेल, तर स्वतंत्र बरणीत, नाव व दिनांक लिहून ठेवावी. मधुमेही, रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्याबाबत आधी चौकशी करावी, मग निर्णय घ्यावा. क्षारसूत्र, अग्निकर्म, सिरावेध या कर्मांनाही हाच न्याय लागू आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही आपण वेगळे नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ चे. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली आणि त्यांत आयुष रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. पिवळी, लाल, पांढरी व निळी ही वर्गवारी पंचकर्म कक्षासही बंधनकारक आहे. रक्तमोक्षणानंतरचा कापूस घरगुती कचऱ्याच्या डब्यात टाकणारा वैद्य सफाई कामगाराच्या जिवाशी खेळतो. एम-पूर्व विभागातील वाचकांना तर हे निराळे सांगावयास नको. शहरभरातील रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प याच विभागात, गोवंडीत उभा राहिला. रहिवाशांनी धुराविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार केली आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत अन्यत्र हलवण्याचे निर्देश दिले. कचरा जाळला जाईल तेथील माणसे आपलेच रुग्ण असतात. म्हणून वर्गवारी न करता सर्वच पिवळ्या पिशवीत कोंबण्याची सवयही तितकीच वाईट आहे.

औषध : अमृत की विष

अज्ञात औषध विषासमान आणि सम्यक ज्ञात औषध अमृतासमान, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो. मुंबईने त्याची भीषण प्रचीती घेतली आहे. १९८६ च्या प्रारंभी सर ज. जी. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवरील बेपर्वाई उघडकीस आणली. त्यानंतर सुमारे ४० वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. त्यांपैकी अनेक बालकांवर नागपुरात उपचार झाले होते. द्रव्य तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. आसव-अरिष्टे, अवलेह व सिरपे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या आपल्या वाचकांनी या दोन घटनांकडे ‘ॲलोपॅथीतील भेसळ’ म्हणून पाहू नये. कच्चा माल कोणाकडून घेतला, त्याचा बॅच क्रमांक काय, तपासणीचा दाखला पाहिला काय, हे प्रश्न दोहोंकडे सारखेच आहेत.

भेसळ हे एक टोक झाले. नित्याचे धोके अधिक साधे असतात. इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात व त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या आहेत. १०० युनिटांचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णास दहाऐवजी २५ युनिटे जातात. रात्री दोन वाजता घाम फुटून बेशुद्ध होणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत ही अडीचपट चूक प्राणघातक ठरू शकते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण साध्या पाण्याच्या वा सलाईनच्या ॲम्प्यूलशेजारी एकाच ट्रेमध्ये ठेवणे हाही असाच प्रकार. ही चूक केवळ रागावून थांबत नाही. ते द्रावण वॉर्डातून काढून कुलूपबंद कपाटात ठेवले की ती थांबते.

आपल्या औषधांतही नामसादृश्याचे संकट कमी नाही. योगराज गुग्गुळ व महायोगराज गुग्गुळ, साधा सूतशेखर व सुवर्णयुक्त सूतशेखर, लक्ष्मीविलास व महालक्ष्मीविलास यांच्या घटकांत मोठा फरक आहे. घाईने लिहिलेल्या कागदावरील ‘महा’ वाचला गेला नाही, तर रुग्णास भलतेच औषध जाते. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे, संजीवनीत वत्सनाभाबरोबर भल्लातकही आहे. ‘आयुर्वेदिक आहे, दोन गोळ्या जास्त झाल्या तर काय बिघडले’ असे काउंटरवरून सांगणारा विक्रेता वत्सनाभाचा हृदयावरील परिणाम जाणत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ई-१ परिशिष्टात वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर, जयपाल, गुंजा, पारद, हरताळ आदी द्रव्यांची यादी आहे आणि ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे उत्पादकावर बंधनकारक आहे. परंतु आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीसाठी परवाना लागत नाही. कायद्याने ठेवलेली ही मोकळीक विक्रेत्याच्या विवेकानेच भरून काढावयाची आहे.

‘आमच्या औषधांना दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य आपल्या शास्त्रातच बसत नाही. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट उसळली. त्या अभ्यासावर आक्षेप घेता येतील. भस्मांची शास्त्रोक्त सिद्धी आणि अपघाती भेसळ यांत भेद केला पाहिजे, हेही खरे. पण या भेदाचा पुरावा देण्याची जबाबदारी आपलीच आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ पासून आहे. संशयित दुष्परिणाम आढळल्यास त्या यंत्रणेस कळविणे हे शास्त्राशी द्रोह करणे नव्हे. प्रामाणिक नोंदी असतील तरच निरपराध औषध निरपराध ठरेल.

चतुष्पादांत रोग्याचा एक गुण ‘ज्ञापकत्व’ सांगितला आहे. आपले दुःख, आपली स्थिती वैद्यास सांगता येणे. आज या गुणाचा सर्वांत मोठा उपयोग औषधांच्या इतिहासात आहे. रुग्ण हृदयरोगतज्ज्ञास काढा सांगत नाही आणि वैद्यास रक्त पातळ करणारी गोळी सांगत नाही. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. सोबत मूत्रल औषध वा डिगॉक्सिन चालू असेल, तर हृदयाची गती बिघडू शकते. पिंपळी-मिरीतील पायपेरिन अनेक आधुनिक औषधांचे शोषण वाढवते. ईसबगोल इतर औषधांबरोबरच घेतले तर त्यांचे शोषण मंदावते. रुग्ण स्वतः सांगत नसेल, तर पिशवी उलटी करून सर्व गोळ्या-चूर्णे टेबलावर मांडावयास सांगणे हे वैद्याचे काम आहे.

क्षय : जेथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात

एम-पूर्व विभागात वैद्यकी करणाऱ्यास क्षयाचा विचार टाळता येत नाही. येथे संसर्ग-नियंत्रण आणि औषधदक्षता हे दोन्ही विषय एकाच रुग्णात भेटतात. धारावीतील खासगी डॉक्टरांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा १०० डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ जणांनी ६३ योजना लिहिल्या आणि अचूक योजना केवळ सहा जणांना लिहिता आली. त्यांत आधुनिक वैद्यकाचे पदवीधर होते, तसेच अन्य पद्धतींचेही होते. दुसऱ्याच वर्षी मुंबईतील एका रुग्णालयाने उपलब्ध सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण आढळल्याचे जाहीर केले. चुकीची योजना लिहिणारा डॉक्टर एका रुग्णाचे नुकसान करून थांबत नाही; प्रतिरोधी जंतू तो गल्लीभर पसरवतो.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणाऱ्या रुग्णास ‘कास’ म्हणून सितोपलादी देत राहण्यापूर्वी थुंकीची तपासणी करवून घ्यावी, निदान झाल्यास शासनास कळवावे आणि शासकीय योजनेनुसार औषधे चालू राहतील याची खात्री करावी. क्षयाची नोंद कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांनाही त्या कक्षेत आणले. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ परिशिष्टात क्षयाची अनेक औषधे व वरच्या श्रेणीची प्रतिजैविके आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ती वही निरीक्षक येणार म्हणून एका रात्रीत भरावयाची वही नव्हे. आणि शुश्रूषागृहात अशा रुग्णाची खाट खिडकीजवळ, इतरांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून असावी. वातानुकूलनासाठी सर्व झरोके बंद केलेला सामान्य कक्ष हा क्षयाच्या जंतूंसाठी आदर्श निवास असतो.

खर्चाचा आक्षेप

लहान शुश्रूषागृहांचे मालक म्हणतील की, हे सर्व मोठ्या रुग्णालयांस परवडते. आमचे भाडे, पगार, वीज यांतच कंबरडे मोडते. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झिडकारणे योग्य नाही. प्रशिक्षित परिचारिका मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, हेही खरे. परंतु पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असणे ही शुश्रूषागृह नोंदणीची अट १९४९ च्या कायद्यातच आहे. ती आजची नवी जाचक कल्पना नव्हे. शिवाय वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागतो त्याहून अधिक शिस्त लागते. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हात चोळण्याच्या द्रावाची बाटली ठेवणे, कुपी उघडल्याचा दिनांक तिच्यावर लिहिणे, दूरध्वनीवरील सूचना लिहून घेऊन परत वाचून दाखवणे, यांचा खर्च तो किती? उलट, मोठेपणा हे संसर्गापासूनचे कवच नाही, हे एप्रिल २०२० मध्ये दिसून आले. परिचारिकांना लागण झाल्याने मुंबईतील काही नामांकित खासगी रुग्णालयांनाही दारे बंद करावी लागली होती.

काही सूचना

केवळ टीका करून थांबणे उचित नाही. म्हणून वैद्यबंधू-भगिनी व औषधविक्रेते यांच्या विचारार्थ पुढील सूचना नम्रपणे मांडत आहे.

१. प्रत्येक शुश्रूषागृहात एक व्यक्ती, मग ती परिचारिका असो वा वैद्य, संसर्ग-नियंत्रणासाठी नावानिशी जबाबदार असावी. ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीचा दिनांक, वेळ, तापमान व निर्देशक पट्टीचा निकाल तिने वहीत लिहावा.

२. सिरिंज, सुई, जळू आणि बस्तीची नळी एका रुग्णाची ती एकाच रुग्णाची. बहुमात्रा कुपीवर उघडल्याचा दिनांक असावा. उत्पादकाने वेगळी मुदत दिलेली नसेल तर २८ दिवसांनंतर ती टाकून द्यावी, आणि दिनांक नसलेली कुपी जुनीच समजावी.

३. औषधपत्र सुवाच्य अक्षरांत, शक्य तेथे मुद्रित असावे. मात्रेतील दशांश चिन्हापूर्वी शून्य लिहावे. आयुर्वेदीय औषधाचे पूर्ण नाव, कल्प, मात्रा, अनुपान आणि किती दिवस घ्यावयाचे ते लिहावे. निनावी पुड्या बांधून देण्याची प्रथा आता बंद व्हावी. पुडीत काय आहे हे अन्य डॉक्टरास मध्यरात्री कळले पाहिजे.

४. रात्रपाळीच्या निवासी वैद्याने आपणांस न येणारे कर्म ‘मला येत नाही’ असे सांगण्याची मुभा मालकाने द्यावी. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही, त्याची चिकित्सा करणे हाच निष्काळजीपणा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मुंबईतील एका प्रकरणात म्हटले आहे. ‘सरांनी फोनवर सांगितले’ हा बचाव फार काळ टिकत नाही.

५. औषधविक्रेत्याने शंका आल्यास वैद्यास दूरध्वनी करावा आणि वैद्याने तो अपमान न मानता स्वीकारावा. आयुर्वेदीय औषधांची मुदत २०१० पासून वेष्टनावर छापलेली असते, तीही तपासावी. ई-१ परिशिष्टातील द्रव्ये असलेली औषधे काउंटरवरून मागेल त्यास देऊ नयेत.

६. आपल्या संघटनेने प्रत्येक विभागात वर्षातून एकदा परस्पर पाहणी करावी. चेंबूरच्या सदस्याने मुलुंडचे शुश्रूषागृह पाहावे, मुलुंडच्या सदस्याने ट्रॉम्बेचे. पाहणीचा हेतू शिक्षा करणे हा नसावा. रुग्णाचे व संस्थेचे नाव न देता घडलेल्या व थोडक्यात टळलेल्या चुका या अंकातून प्रसिद्ध व्हाव्यात. एकाच्या अनुभवाने दहा जण सावध होतील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन जगास केले होते. जगाचे आकडे जगाकडे राहोत. आपल्यापुरते उद्दिष्ट अधिक साधे ठेवता येईल. चिता कॅम्पमधून रात्री रिक्षाने आणलेल्या बाळंतिणीस, मानखुर्दच्या दम्याच्या वृद्धास, गोवंडीच्या क्षयग्रस्त तरुणास आपल्या शुश्रूषागृहात आल्यामुळे नवा रोग जडू नये आणि दिलेल्या औषधाने अपाय होऊ नये. आधुनिक औषधे वापरण्याचा अधिकार आपण शासनाकडे व न्यायालयाकडे मागितला. तो अधिकार आपल्या हाती सुरक्षित आहे, हे मात्र या रुग्णांसमोरच सिद्ध करावे लागेल. पुढील त्रैमासिक सभेत विभागवार पाहणीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.